शाडूचे जवान

माझं माहेर सांगलीचं. आमच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना होता, आणि आषाढ लागला की गल्लीतल्या पोरी तिथं रंगकामाला बसायच्या. मी अक्षरं गिरवायच्या आधी कुंचला गिरवला. डोळे सगळ्यात शेवटी आखायचे असतात. अंग, पीतांबर, दागिने, सगळं वाळलं की मग डोळे. ते काम कारखानदार माझ्याकडं द्यायचा, कारण माझा हात हलत नसे. हा हात पुढं कशाला वापरावा लागणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर तो मी चुलीत घातला असता. एकदा हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मग भाकरी कुणी थापल्या असत्या?"

लग्न झालं ते फौजेतल्या माणसाशी. सासर कराडच्या अलीकडं, मलकापूरजवळ. घरची विहीर, घरचा ऊस. हे रजेवर यायचे तेवढाच आमचा संसार. एकाहत्तरच्या लढाईत यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मग पुण्याचा दवाखाना, मग नवा पाय बसवणं, मग पेन्शन. गावानं हलगी लावून घरी आणलं. हे नाईक होते, पण गावाला नाईक आणि हवालदार सारखेच. सगळे हवालदारच म्हणू लागले. त्या मिरवणुकीत हारांच्या मधून यांचं तोंड मला दिसलं. पायाचं दुःख असं नसतं, एवढं मला त्या दिवशीच समजलं.

काय झालं ते यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, गोठ्यात बसून, म्हशीकडं बघत. पंजाबात कॅनॉलच्या काठी यांचं सेक्शन होतं. हाताखाली नऊ जवान. उजाडायच्या वेळेला पुढच्या पुलापर्यंत पोचायचं होतं. वाटा दोन. एक कॅनॉलच्या बांधावरनं, उघड्यावर. दुसरी बांधाखालच्या उसातनं. कुठल्या वाटेनं न्यायचं ते सेक्शन कमांडरनं ठरवायचं होतं, म्हणजे यांनी.

"ऊस बघितला आन् मला घरचं वाटलं," हे म्हणाले. "म्हटलं, उसात शिरलेला माणूस कुणाला घावतोय?"

आमच्याकडच्या कुणीही तेच केलं असतं. आमच्याकडं डुक्कर उसात शिरलं तर चार गावचे लोक हलगी लावून दमतात, पण ते बाहेर येत नाही. शाळा चुकवलेली पोरं, भांडून पळालेला भाऊ, सगळी उसात. आणि मार्गशीर्षात आमचा ऊस हिरवागार, आत शिरलं की अंग ओलं होतं. तिकडची थंडी निराळी. तिथं गोठलेल्या दहिवरानं उसाचं पान करपतं, कागदासारखं वाळतं. यांनी तो ऊस पहिल्यांदा पाहिला तेव्हा हिरवा होता. मधल्या दिवसांत तो वाळला हे लांबून दिसलं नाही, आणि जवळ गेले तेव्हा अंधार होता. पेटती गोळी येऊन पडली, वारं सुटलेलं होतं, आणि फड पेटला. यांच्याशिवाय दोघं बाहेर आले. सातजण आत राहिले.

कुणी यांना बोल लावला नाही. वरच्या साहेबांना एवढंच माहीत होतं की उसाला आग लागली. सातही घरी 'लढताना कामी आले' असं कळवलं गेलं. पण यांच्या डोक्यात एकच गोष्ट किड्यासारखी शिरून बसली होती: बांधावरनं नेली असती तर ती पोरं जगली असती का? 'नाही' असं उत्तर मिळालं असतं तर हा माणूस पुन्हा माणसांत आला असता. मला त्यांच्यासाठी ते 'नाही' हवं होतं. मला आयुष्यात दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नाही.

आता आमच्या घरात शाडूचे जवान कसे आले ते सांगते. पुण्याला पाय बसवून घेताना तिथं एक तरुण साहेब होता, त्याचे दोन्ही पाय गेलेले. त्याच्याकडं विलायतेहून आणलेली शिशाची पलटण होती, लाल डगले, पांढरे पट्टे, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी गोऱ्यांच्या लढाईतली. तो पडल्या पडल्या ती बारीक ब्रशनं रंगवायचा. मग टेबलावर दोन्ही फौजा मांडायच्या, फूटपट्टीनं मापून माणसं पुढं सरकवायची, आणि गोळी लागली की नाही ते फाशावर ठरवायचं. समोर बसायला कुणी नसलं की तो यांना बसवायचा. त्याचं म्हणणं असं, की नियम खरे ठेवले आणि मनाशी लबाडी केली नाही, तर होऊन गेलेली लढाईसुद्धा टेबलावर पुन्हा लढून बघता येते. त्या बिचाऱ्यानं गमतीनं सांगितलं असेल. यांनी ते पदरात बांधून घरी आणलं.

गोठ्याशेजारच्या खोलीत जुनं दार दोन पिंपांवर आडवं टाकलं. कृष्णेची वाळू पसरली. शाडूचा कॅनॉल, शाडूचा बांध, पुढं पूल. केरसुणीच्या काड्या रोवून ऊस केला. घरातल्या केरसुण्या झडायला लागल्या तसं सासूबाईंनी मला विचारलं, नवऱ्याच्या लढाईला झाडलोटीचं सामानच का लागतं.

जवान मी केले, अंगठ्याएवढे. बंदुकीला बाभळीचा काटा; शाडूची बंदूक वाळली की तुटते. पण रंगाला अडलं. गणपतीच्या रंगांत फौजेचा हिरवा नसतो. शेंदरी आहे, गुलाबी आहे, पोपटी आहे. तो मळका हिरवा देवाला कोण लावेल. साताऱ्याला पेन्शनच्या कामाला गेलो तेव्हा तिथल्या दुकानातनं बाटल्या आणल्या, पिवळा मिसळला, कंदिलाच्या काचेची काजळी मिसळली. दहा जवान रंगवून मी यांच्यापुढं ठेवले. यांनी एकेक उचलून पाहिला आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"आगं, ही काय आरतीला निघाल्यात व्हय?"

बघते तर काय, हाताच्या सवयीनं मी प्रत्येकाला गुलाबी कांती दिली होती, कपाळाला गंध लावलं होतं, आणि डोळे आखले होते ते गणपतीचे, अर्धे मिटलेले, सगळ्यांना माफ करणारे. मलाही हसू आलं. तो एक दिवस आमच्या घरात बरा गेला.

पुसून पुन्हा रंगवले. आता हे शेजारी बसून सांगायचे. याच्या तोंडावर देवीचे वण होते. हा गालात तंबाखू धरायचा, डावा गाल फुगीर कर. याचे डोळे घारे. हा लय गोरा, उन्हात लाल व्हायचा. हा उंच, त्याचे कान बाहेर आलेले, हसला की कानच आधी हलायचे. एका केसाच्या कुंचल्यानं मी शाडूच्या नखाएवढ्या तोंडावर ते सगळं उतरवलं. न पाहिलेल्या पोरांना मी तोंडपाठ करून टाकलं. बाजारात कुणाचे कान तसे दिसले की मी चार पावलं त्याच्यामागं जायची. ज्यांना ती पोरं जिवंत असताना ठाऊक होती त्यांच्याकडं निदान त्यांचं हसणं तरी होतं. माझ्याकडं त्यांचं फक्त मरण आलं, आणि तेही रंगवायला.

खेळाचे नियम सोपे. शत्रू मीच व्हायचं, कारण दुसरं कोण होणार. पुलाजवळ माझी शत्रूची माणसं. त्यांना मी तोंडं काढली नव्हती. मी लुडोचा फासा टाकायचा. उघड्यावरच्या माणसाला चार, पाच, सहा पडले की गोळी लागली. बांधाच्या आडोशाला असेल तर पाच किंवा सहा. उसातल्याला फक्त सहा, पण सहा पडला की फासा पुन्हा टाकायचा, आणि पुन्हा सहा आला की ऊस पेटला. पेटला की आतले सगळे आडवे करायचे, एकेक करून, पुढून मागं.

तीन वर्षं हे खेळत होते आणि तीन वर्षं सेक्शन उसातनंच नेत होते. कधी थोडं लवकर, कधी दोन-दोनची जोडी करून, कधी लांब अंतर ठेवून. कधी ऊस पेटायचा, कधी पेटायचा नाही. पोरं पुलापर्यंत पोचली की हे चिडायचे, "हे खोटं हाय, परत मांड." पेटला की मात्र गप्प, समाधानानं म्हणावं असे गप्प बसायचे, आणि मग मला ते बघवायचं नाही. शेतात पाऊल टाकत नव्हते. ऊस तुटून गेल्यावर लोक शिवारात पाचट पेटवायचे तेव्हा खोलीचं दार आतून लावून घ्यायचे. मी बाहेर भाकरी ठेवायची, ती तशीच राहायची.

त्या उंच कानवाल्या पोराचे वडील कडेगावच्या बाजूचे. सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. कराडच्या बाजारला आले की आमच्याकडं यायचे, धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. आपला मुलगा कसा लढला ते त्यांना बघायचं असे. खेळ मांडलेला असला की पिंपाशेजारी उकिडवे बसायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी न सांगता त्यांनी नऊतनं आपला उचलला. दोन बोटांत धरला, बराच वेळ धरला, आणि जिथला होता तिथं वाळूतल्या त्याच खळीत ठेवला.

"कान बरुबर काढल्यात गं पोरी," म्हणाले.

तात्यांना आम्ही सांगितलं होतं की वाट एकच होती. म्हणजे तसं सांगितलं नव्हतं, पण त्यांनी तसंच धरलं होतं आणि आम्ही ते राहू दिलं. हे उसातनं सेक्शन न्यायचे, ऊस पेटायचा, मी त्यांचा मुलगा आडवा करायची, आणि ते "पडला," एवढंच म्हणायचे. चहा प्यायचे आणि एस.टी.ला जायचे. पुढच्या बाजारला पुन्हा हजर. त्यांना मुलगा दर वेळी मेलेला चालायचा, दिसला म्हणजे झालं. मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटायची, आणि तो आला नाही तर काळजीही वाटायची.

मी यांच्यामागं लागले. "आवं, एकदा बांधावरनं घालून बघा की." हे तोंड फिरवायचे. मी गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, माहेरी जाण्याची धमकी दिली. माझा हिशेब सरळ होता. बांध म्हणजे उघडी जागा, समोर पुलावर शत्रू. तिथंही सगळे पडणार. एकदा का ते या दारावर आडवे झाले की किडा मरेल, हे बाहेर येतील, विहिरीवर जातील, माझ्याशी भांडतील. नवऱ्याशी भांडावं म्हणून झुरणारी बाई त्या पंचक्रोशीत मीच असेन.

शेवटी पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात, शेजारचा फड तुटला आणि पाचटाचा धूर आमच्या अंगणात आला, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी दारावर थापा मारून म्हणाले, "तुमाला कळून घ्यायचंच न्हाई. तुमाला त्यांची राख चिवडत बसायला आवडतंय."

असं बोलायला नको होतं, पण बोलले. मग कडी निघाली.

"मांड," हे म्हणाले. "बांधावरनं."

सेक्शन यांनी बांधाच्या माथ्याखाली, पलीकडच्या उताराच्या आडोशाला एकामागं एक लावलं, पुढं हे स्वतः. मी माझी बिनतोंडाची माणसं पुलावर मांडली, आणि खरं सांगते, फौजेनं यांना शिकवला नसेल असा प्रत्येक डाव मी त्या दिवशी लढले. मशीनगन बांधाच्या सरळ रेषेत आणली. दोन माणसं कॅनॉलच्या पलीकडं नेली, तरी नियमानं आडोसा आडोसाच राहिला. हे माझ्याकडं बघत राहिले. मी एवढी चांगली लढू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं. नियमात जेवढं बसतं तेवढं सगळं केलं आणि फासा हातात घेतला.

पहिला फासा, दोन. दुसरा, एक. तिसरा, तीन. मी फासा मुठीत घोळवला, कुलदेवीचं नाव घेतलं. कुणाच्या तरी मरणासाठी मी देवीला साकडं घातलं ते त्या दिवशीच, आणि तिनं ते ऐकलं नाही. पाच पडला तेव्हा घाऱ्या डोळ्यांचा पडला. मला इतका आनंद झाला की माझी मलाच शिसारी आली. पण बाकीचे आठजण सरकत राहिले. हे फूटपट्टी लावायचे, माणूस उचलायचे, ठेवायचे. यांची पट्टी सारखी घसरत होती. माझा हात मात्र हलला नाही.

तेवढ्यात बाहेर चप्पल वाजली. बाजारचा दिवस आहे हे मी साफ विसरले होते. तात्या आत आले, शेंगांचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, आणि नेहमीच्या जागी बसले. खेळ थांबवावा असं मला वाटलं, पण हे थांबले नाहीत. त्यांना आता बाहेरचं काही दिसत नव्हतं.

तात्यांनी आधी उसाकडं पाहिलं. ऊस रिकामा. मग बांधाकडं पाहिलं.

"आज हिकडनं?"

मी फासा टाकला, दोन. मी पुन्हा टाकला, चार. बांधाच्या आडोशाला चार चालत नाही. यांनी पहिला जवान पुलाच्या कमानीखाली ठेवला. दुसरा ठेवला. तंबाखूवाला कमानीखाली गेला. देवीच्या वणांचा गेला. तात्या गुडघ्यांवर उठून दारावर वाकले होते. उंच कानवाला अजून वीतभर मागं होता. मी त्याच्यावर फासा टाकला आणि एक पडला. यांनी पट्टी लावली, त्याला उचललं आणि पुलाखाली ठेवलं.

"पोचला?" तात्यांनी विचारलं.

"पोचला," हे म्हणाले.

तात्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कुठल्या नवस पावलेल्या बाईच्या तोंडावरही पाहिलेलं नाही. सुरकुत्यांसकट उजळलं तोंड. त्यांनी दोन्ही हात दाराच्या कडेवर ठेवले आणि पुलाखालच्या पोरांकडं बघत राहिले, हसत. आणि मग, रागानं नाही, शेतातल्या पाण्याची पाळी विचारावी इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मंग तवा हिकडनं का न्हाई गेलासा?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर यांनी हातानं मला थांबवलं.

"मी ऊस बघितला, तात्या. वाट दोन व्हत्या. मीच सांगितलं, उसातनं चला. मला वाटलं, उसात माणूस घावत न्हाई."

तात्या खाली बसले. खोलीत धुराचा वास आलेला होता. केरसुणीच्या काड्यांवरनं त्यांनी बोट फिरवलं. त्यांच्याही विहिरीवर ऊस होता. "व्हय," ते शेवटी म्हणाले. "मला बी तसंच वाटलं असतं."

तात्या ते मनापासून म्हणाले होते, हे मला दिसत होतं. पण त्यानं काही हललं नाही. यांचं तोंड त्या मिरवणुकीतल्या हारांमधल्यासारखं झालं होतं. मला हवं होतं ते 'नाही' आता कधीच मिळणार नव्हतं. उत्तर पुलाखाली आठजणांच्या रूपात उभं होतं, आणि ते मीच रंगवलेलं होतं. मला स्वतःचा, फाशाचा, त्या पाय गेलेल्या साहेबाचा, सगळ्यांचा राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. मी चहा टाकायला उठले.

तात्यांनी चहा घेतला. गाठोडं सोडून शेंगा सुपात ओतल्या, रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मुलाला त्यांनी त्या दिवशी हात लावला नाही. उंबऱ्यात पोचले आणि तिथंच थांबले, पाठ आमच्याकडं.

"हवालदार," म्हणाले, "आमच्या म्हातारीला ह्यातलं काय सांगू नगा. दुसरी वाटच नव्हती, एवढ्यावर ती जगती हाय."

"न्हाई सांगत," हे म्हणाले.

त्यानंतर तात्या बाजारला आले असतील, पण आमच्याकडं आले नाहीत. हे मात्र बाजारच्या दिवशी सकाळपासनं खोलीत जाऊन बसायचे, सेक्शन पुन्हा उसात मांडून.